चेन्नईचे ‘आइस हाऊस’: आइस्क्रीमच्या वाटीतून उलगडणारा स्थानिक इतिहास

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोर, कामराजर सालई या रस्त्यावर, गोलाकार दर्शनी भागाची एक जुनी इमारत उभी आहे. तिचे आजचे अधिकृत नाव ‘विवेकानंद इल्लम’, म्हणजे विवेकानंद गृह. मात्र तिरुवल्लिकेणी अर्थात ट्रिप्लिकेन परिसरातील अनेकांच्या तोंडी आजही तिचे जुनेच नाव आहे, ‘आइस हाऊस’. या भागातील पोलीस ठाणेही याच नावाने ओळखले जाते. ज्या शहरात कधी हिमवर्षाव होत नाही आणि जेथे हिवाळाही नावापुरताच असतो, त्या शहरातील एका वस्तीला बर्फाचे नाव मिळावे, याचे कारण १८४२ या वर्षात दडलेले आहे. त्या वर्षी अमेरिकेतून जहाजाने येणारा बर्फ साठविण्यासाठी ही इमारत बांधण्यात आली.

आइस्क्रीम आणि ऐतिहासिक वास्तू यांची सांगड घालण्याची प्रथा अमेरिकेत चांगलीच रुळली आहे. तेथे १९८४ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जुलै हा आइस्क्रीमचा महिना आणि त्या महिन्यातील तिसरा रविवार हा आइस्क्रीम दिन म्हणून घोषित केला. उन्हाळ्यात तेथील अनेक जुन्या घरांच्या अंगणात हाताने फिरविण्याच्या यंत्रावर आइस्क्रीम तयार केले जाते. मुले दांडा फिरवितात, मोठी माणसे रांगेत उभी राहतात आणि त्या निमित्ताने घराचा व गावाचा इतिहास सांगितला जातो. भारतात असा सोहळा साजरा करण्यास सर्वाधिक योग्य अशी वास्तू कोणती, असा प्रश्न विचारला, तर चेन्नईच्या आइस हाऊसचे नाव अग्रभागी येईल. या घरात साठविला जाणारा बर्फ त्याच देशातून येत होता, ज्या देशात आज अशा सोहळ्यांची परंपरा आहे.

बर्फापूर्वीचा गारवा

भारताला थंड पदार्थांची ओळख अमेरिकी बर्फामुळे झाली, असे मात्र नाही. अबुल फजल याने ‘आइन-ए-अकबरी’मध्ये सोरा वापरून पाणी थंड करण्याच्या पद्धतीचे वर्णन केले आहे. बादशाही मुक्काम लाहोरला गेल्यानंतर उत्तरेकडील पर्वतांतून बर्फ आणण्याची व्यवस्था झाल्याची नोंदही त्यात आढळते. आटविलेले दूध साच्यात भरून गोठविण्याची कुल्फीची परंपराही याच काळाशी जोडली जाते.

मैदानी प्रदेशात बर्फ तयार करण्याची आणखी एक देशी पद्धत होती. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उथळ खड्ड्यांत गवत किंवा उसाची चिपाडे पसरून त्यावर मातीची उथळ, सच्छिद्र भांडी मांडली जात. त्यांतील पाणी बाष्पीभवनाने आणि मोकळ्या आकाशाकडे उष्णता निघून गेल्याने हवेपेक्षाही थंड होई आणि पहाटेपर्यंत त्यावर बर्फाचा पापुद्रा जमे. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने अलाहाबाद परिसरातील या पद्धतीचे वर्णन १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. बंगालमध्ये हुगळीच्या आसपास तयार होणारा असा बर्फ पातळ आणि चिखलमिश्रित असे. पेयाचे भांडे बाहेरून थंड करण्यास तो उपयोगी पडे, मात्र पेयात टाकण्याजोगा तो क्वचितच असे. मद्रासच्या दमट, उष्ण हवेत तर ही पद्धत चालणेच शक्य नव्हते.

बोस्टन ते कोलकाता

ही उणीव व्यापाराची संधी ठरू शकते, हे ओळखणारा माणूस होता बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर. १७८३ मध्ये जन्मलेल्या ट्यूडरने १८०६ मध्ये ‘फेव्हरिट’ या जहाजातून कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर बर्फ नेला. त्या काळी बोस्टनमध्ये त्याची थट्टाच झाली. बेटावर पोहोचल्यावर आणखी एक अडचण पुढे आली. बर्फाचे नेमके काय करायचे, हे तेथील लोकांना ठाऊक नव्हते. तेव्हा ट्यूडरने एका उपाहारगृहाच्या मालकाला आपल्या बर्फावर आइस्क्रीम तयार करून विकण्यास राजी केले. त्या पहिल्या सफरीत त्याला तोटा झाला, तरी एक धडा मिळाला. बर्फाला मागणी निर्माण करायची, तर आधी लोकांच्या जिभेला थंडाव्याची सवय लावली पाहिजे. जागतिक बर्फ व्यापाराच्या प्रारंभीच आइस्क्रीम हे असे जाहिरातीचे साधन बनले होते.

पुढील काळात ट्यूडर कर्जबाजारी झाला आणि त्याला तुरुंगवासही घडला. तरीही त्याने हा व्यवसाय सोडला नाही. मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कोलकात्याकडे निघाले. दोनदा विषुववृत्त ओलांडून, आफ्रिकेला वळसा घालून सुमारे चार महिन्यांनी ते सप्टेंबरमध्ये पोहोचले, तेव्हा त्यात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. कंपनी सरकारने या मालावरील जकात माफ केली आणि उन्हात बर्फ वितळू नये म्हणून तो रात्री उतरविण्याची परवानगी दिली. कोलकात्यानंतर मुंबई आणि मद्रास ही शहरेही या व्यापाराच्या नकाशावर आली.

बर्फ टिकत कसा होता?

चार महिन्यांच्या समुद्रप्रवासात बर्फ टिकला, यामागे चमत्कार नव्हता, तर साधे विज्ञान होते. शून्य अंश सेल्सिअसचा एक किलो बर्फ वितळण्यासाठी जितकी उष्णता लागते, तितक्याच उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. म्हणजेच बर्फ वितळण्यासाठी बाहेरून बरीच उष्णता आत शिरावी लागते. ती शिरू न देणे, एवढेच साठवणुकीचे तंत्र होते.

त्यासाठी लादीचा आकार महत्त्वाचा ठरे. घनाकृती लादीची बाजू दुप्पट केली, तर तिचा पृष्ठभाग चौपट होतो, मात्र आकारमान आठपट होते. उष्णता पृष्ठभागातून आत जात असल्याने मोठा, घट्ट रचलेला साठा लहान तुकड्यांपेक्षा कितीतरी सावकाश वितळतो. ट्यूडरचा सहकारी नॅथॅनियल वायेथ याने १८२५ मध्ये घोड्याने ओढण्याचे बर्फ कापणारे अवजार तयार केले. त्यामुळे गोठलेल्या तळ्यांवरून एकसारख्या आकाराच्या लाद्या कापता येऊ लागल्या आणि जहाजात त्या एकमेकींना चिकटून रचता येऊ लागल्या. लाद्यांभोवती लाकडाचा भुसा भरला जाई. लाकूड कापण्याच्या गिरण्यांतून टाकाऊ म्हणून पडून असलेला हा भुसा उत्तम उष्णतारोधक ठरला.

हा बर्फ प्रामुख्याने मॅसॅच्युसेट्स राज्यातील तळ्यांतून येई. केंब्रिज शहरातील फ्रेश पाँड हे त्यांपैकी प्रमुख तळे होते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरच्या मजुरांनी वॉल्डन तळ्यावरही बर्फ कापला. तेव्हा तळ्याकाठी राहणाऱ्या हेन्री डेव्हिड थोरो या लेखकाने त्या कामाची नोंद आपल्या ‘वॉल्डन’ या ग्रंथात केली असून त्यात मद्रास, मुंबई आणि कोलकाता या तिन्ही शहरांचा उल्लेख आहे.

मद्रासचे बर्फगृह

मद्रासला त्या काळी सुरक्षित बंदर नव्हते. जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगर टाकीत आणि माल ‘मसुला’ नावाच्या नावांतून किनाऱ्यावर आणला जाई. या नावांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, तर सुंभाने शिवलेल्या असत. फेसाळत्या लाटांचा मारा सोसताना त्या लवचिकतेने तग धरीत. प्रत्येक मिनिटाला वजन घटणारा माल या लाटांतून उतरविणे हे स्थानिक नावाडी आणि हमाल यांच्या कौशल्यावर अवलंबून होते. बर्फगृह समुद्राच्या अगदी समोर बांधण्यामागील कारणही हेच. उन्हातून करावयाचा प्रवास जितका कमी, तितका तोटा कमी.

व्यापाराच्या इतिहासात ट्यूडरचे नाव ‘बर्फाचा राजा’ म्हणून कोरले गेले. मात्र त्या लाद्या लाटांतून किनाऱ्यावर आणणाऱ्या माणसांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. बर्फाचे ग्राहक होते ते प्रामुख्याने युरोपीय अधिकारी, व्यापारी आणि मोजकी श्रीमंत भारतीय कुटुंबे. ज्यांच्या खांद्यावरून बर्फ वाहिला जाई, त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या जिभेला त्याचा स्पर्श झाला असेल.

बर्फ, मीठ आणि दुधाची साय

बर्फ आला, तरी केवळ त्याच्या आधारे आइस्क्रीम तयार होत नाही. साखर मिसळलेले दूध शून्य अंशाला गोठत नाही, त्याला त्याहून कमी तापमान लागते. येथे मीठ उपयोगी पडते. कुटलेल्या बर्फात मीठ मिसळले की बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो. बर्फ वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतील भांड्यातून खेचून घेतो. मिठाचे प्रमाण योग्य असल्यास हे मिश्रण शून्याखाली सुमारे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते.

भांड्यातील मिश्रण सतत ढवळले नाही, तर त्यात मोठे स्फटिक तयार होऊन ते खरखरीत होते. ढवळल्याने स्फटिक बारीक राहतात आणि हवा मिसळून पदार्थ मऊ होतो. हे कष्टाचे काम सोपे करणारे हाताने फिरविण्याचे यंत्र अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील नॅन्सी जॉन्सन यांनी तयार केले आणि १८४३ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. म्हणजेच मद्रासचे बर्फगृह उभे राहिले त्याच्या पुढच्याच वर्षी. महाराष्ट्रातील अनेक घरांत उन्हाळ्याच्या सुटीत लाकडी बादली, कुटलेला बर्फ, खडे मीठ आणि पाळीपाळीने दांडा फिरविणारी भावंडे, अशा थाटात जे ‘पॉट आइस्क्रीम’ होत असे, ते याच तत्त्वावर.

मुंबईचे बर्फगृह

मुंबईतही अमेरिकी बर्फ १८३४ मध्ये पोहोचला. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्याकडील मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले आणि त्यानंतर यजमान व पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, असे वृत्त ‘मुंबई समाचार’ने दिल्याची नोंद मुंबईच्या इतिहासात सापडते. नव्या पदार्थाविषयीचे कुतूहल आणि धास्ती या दोन्ही गोष्टी या छोट्याशा बातमीत एकवटल्या आहेत. पुढे फोर्ट भागात सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी बर्फगृह उभे राहिले. आज मुंबईचे आणि कोलकात्याचेही बर्फगृह अस्तित्वात नाही. तिन्ही शहरांपैकी केवळ चेन्नईची वास्तू टिकून आहे.

व्यापार संपला, घर राहिले

ट्यूडर १८६४ मध्ये मरण पावला. त्यानंतर दशकभरातच त्याच्या व्यापाराचा पाया ढासळला. १८७४ मध्ये मद्रासमध्ये यंत्राने बर्फ तयार करणारी कंपनी सुरू झाली आणि काही वर्षांत बंगालमध्येही तसाच कारखाना निघाला. शहरातच तयार होणाऱ्या बर्फापुढे सातासमुद्रापलीकडून येणारा बर्फ महाग पडू लागला. बर्फगृह रिकामे झाले.

ही वास्तू पुढे मद्रास उच्च न्यायालयातील वकील बिलिगिरी अय्यंगार यांनी विकत घेतली. बर्फ राखण्यासाठी बांधलेल्या घरात वारा येऊ नये, हीच मूळ योजना होती. अय्यंगार यांनी तेथे खिडक्या व व्हरांडे काढून ते राहण्याजोगे केले, न्यायमूर्ती कर्नान यांच्या नावावरून त्याला ‘कॅसल कर्नान’ असे नाव दिले आणि घराचा काही भाग गरीब विद्यार्थ्यांसाठी खुला केला.

पाश्चात्त्य देशांचा दौरा आटोपून परतलेले स्वामी विवेकानंद ६ ते १४ फेब्रुवारी १८९७ या काळात याच घरात राहिले. या मुक्कामात त्यांनी मद्रासमध्ये दिलेली व्याख्याने गाजली. अमेरिकेतील त्यांच्या परिचितांच्या आठवणींत त्यांच्या आइस्क्रीमच्या आवडीचा उल्लेख आढळतो. ज्या केंब्रिज शहरातील तळ्याचा बर्फ मद्रासला येत असे, त्याच शहरातील हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी १८९६ मध्ये व्याख्यान दिले होते. स्वामीजींच्या मुक्कामानंतर त्यांचे गुरुबंधू स्वामी रामकृष्णानंद यांनी याच घरात मठाचे कार्य सुरू केले आणि ते येथे सुमारे दहा वर्षे चालले.

सरकारने १९१७ मध्ये ही इमारत ताब्यात घेतली. त्यानंतरचा अध्याय तुलनेने कमी सांगितला जातो. सिस्टर सुब्बलक्ष्मी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आर. एस. सुब्बलक्ष्मी या स्वतः बालविधवा होत्या. १९११ मध्ये त्यांनी मद्रासमध्ये पदवी संपादन केली आणि लहान वयात वैधव्य आलेल्या मुलींना शिक्षण देऊन शिक्षिका म्हणून उभे करण्याचे काम हाती घेतले. या मुलींचे वसतिगृह आइस हाऊसमध्ये होते. चांगले कपडे, सणसमारंभ आणि मनाजोगे जेवण या साऱ्यांवर रूढीने बंधने घातलेल्या मुली समुद्रासमोरील या घरात पुस्तके घेऊन बसत होत्या. मोजक्या लोकांच्या चैनीसाठी उभारलेली वास्तू समाजाने सर्वाधिक वंचित ठेवलेल्या मुलींचा आसरा बनली.

स्वामी विवेकानंद यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६३ मध्ये इमारतीला सध्याचे नाव देण्यात आले. १९९७ मध्ये ती रामकृष्ण मठाकडे सोपविण्यात आली आणि आता तेथे स्वामीजींचे जीवन व भारतीय संस्कृती यांवरील प्रदर्शन आहे. त्यांच्या मुक्कामाच्या स्मरणार्थ दरवर्षी ६ ते १४ फेब्रुवारी या नऊ दिवसांत ‘विवेकानंद नवरात्री’ साजरी होते.

सोहळा कशाचा?

आइस्क्रीमच्या निमित्ताने इतिहास सांगताना गोड तेवढेच सांगण्याचा मोह होतो. तो कसा टाळावा, याचे उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात आहे. तेथील मॉन्टिचेलो हे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे घर जागतिक वारशात समाविष्ट आहे. साय, अंड्याचा बलक, साखर आणि व्हॅनिला घालून करावयाच्या आइस्क्रीमची जेफरसन यांच्या हस्ताक्षरातील कृती अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात जतन केलेली आहे. घराच्या आवारात बर्फ साठविण्याची तळघरवजा जागाही होती. जवळच्या रिव्हाना नदीतून हिवाळ्यात आणलेला बर्फ तेथे भरला जाई.

मात्र तो बर्फ वाहणारे आणि स्वयंपाकघरात राबणारे हात जेफरसन यांचे नव्हते. त्यांच्या हयातीत सहाशेहून अधिक माणसे त्यांची गुलाम होती. त्यांपैकी जेम्स हेमिंग्ज यांना जेफरसन यांनी १७८४ मध्ये पॅरिसला नेऊन फ्रेंच पाककला शिकविली. आपला भाऊ पीटर याला तयार केल्यानंतरच १७९६ मध्ये जेम्स यांना मुक्तता मिळाली. जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली स्वयंपाकघरातील भांड्यांची यादी आजही उपलब्ध आहे. दीर्घकाळ या घराचा इतिहास म्हणजे केवळ मालकाचा इतिहास होता. आता तेथील स्वयंपाकघर दाखविताना हेमिंग्ज आणि त्यांच्यासारख्या इतरांची नावे घेतली जातात. त्यामुळे आइस्क्रीमची चव कमी होत नाही, उलट ते कोणाच्या श्रमातून तयार झाले, हेही पाहणाऱ्याला कळते.

चेन्नईच्या घराकडे याच दृष्टीने पाहिले, तर तेथे एकाच छताखाली अनेक पदर सापडतात. मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत बर्फ कापणारे मजूर, सुंभाने शिवलेल्या नावांतून तो आणणारे मद्रासचे नावाडी, घराला खिडक्या देणारा वकील, नऊ दिवस राहिलेला संन्यासी आणि शिक्षिका होण्यासाठी अभ्यास करणाऱ्या बालविधवा हे सर्वजण या घराचे वारसदार आहेत. यातील एखादाच पदर सांगितला, तर बाकीचे हळूहळू विस्मरणात जातात. स्वामीजींच्या मुक्कामाची आठवण फलकाने आणि वार्षिक उत्सवाने जपली आहे. बर्फाची आठवण मात्र मुख्यतः लोकांच्या बोलण्यात, वस्तीच्या नावात आणि पोलीस ठाण्याच्या पाटीवर टिकून आहे.

दीडशे वर्षांपूर्वी थंडावा ही मालकीची वस्तू होती. ज्याच्याकडे पैसा, त्याच्याकडे बर्फ. आज मरीना किनाऱ्यावर काही रुपयांत आइस्क्रीम मिळते. हातगाडीजवळ उभे राहिलेले मूल आणि त्याला घेऊन आलेले आजोबा यांना ते विकत घेताना विचार करावा लागत नाही. मात्र ज्या घराच्या समोर उभे राहून ते आइस्क्रीम खात आहेत, त्या घराला आइस हाऊस का म्हणतात, असे त्या मुलाने विचारले, तर त्याला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. वास्तूचा इतिहास साजरा करण्याची सुरुवात त्या एका प्रश्नाच्या उत्तराने होऊ शकते.